दरवर्षी साफ होणारं धुराडं आणि शेगडीमागे साचलेली काजळी: एक प्रकरण अभ्यास

आधी एक खुलासा. धुराडं म्हणजे चिमणी, पण ओट्यावरची, तेलकट वाफ ओढणारी नव्हे. लाकूड जाळायच्या फायरप्लेसवर उभं असलेलं विटांचं धुराडं, ते. धुराडी तपासणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. हे प्रकरण माझ्या हातून गेलेलं आहे. घराची आणि माणसांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मापं आणि घटनांचा क्रम मात्र माझ्या वहीतला आहे. माझी एक चूकही त्यात आहे, आणि ती मधेच कुठेतरी दडपण्यासारखी नाही.

पार्श्वभूमी

दुमजली घर. धुराडं बाहेरच्या भिंतीला लागून, म्हणजे त्याच्या तीन बाजू उघड्या हवेत. उंची साधारण ९ मीटर. आत भाजलेल्या मातीचे चौकोनी नळ एकावर एक रचलेले, प्रत्येकाची आतली बाजू २८ सेंटिमीटर. घर बांधलं तेव्हा खाली उघडी फायरप्लेस होती. सणासुदीला, पाहुणे आले की पेटायची. उघड्या शेकोटीत उष्णता खोलीत कमी आणि धुराड्यातून वर जास्त जाते, त्यामुळे ती शोभेचीच होती.

तीन हिवाळ्यांपूर्वी त्यांनी त्या जागेत काचेच्या दाराची बंद लोखंडी शेगडी बसवून घेतली. हेतू चांगला होता. लाकूड कमी लागेल, खोली खरोखर तापेल. तसं झालंही. आता शेगडी रोज पेटू लागली, रात्रभर धुमसत राहू लागली. घरातल्या आजींना पहाटे उठल्यावर निखारे जिवंत लागत. त्यामुळे रात्री झोपताना गृहस्थ दोन जाड ओंडके आत सारायचे आणि हवेची खुंटी जवळजवळ बंद करायचे.

लाकूड घरचंच. आवारातलं एक मोठं झाड पावसाळ्याआधी पाडलं होतं, त्याचे तुकडे करून भिंतीशी थप्पी रचली आणि भिजू नये म्हणून वरपासून जमिनीपर्यंत निळी ताडपत्री घट्ट गुंडाळली.

आणि सफाई? ती दरवर्षी, न चुकता. शेगडी बसवल्यापासूनच्या तिन्ही पावत्या त्यांनी फाइलला लावून ठेवल्या होत्या. तिन्हींवर एकच ओळ: धुराडं साफ केलं.

तक्रार काय होती

चौथ्या हिवाळ्याच्या दुसऱ्या महिन्यात गृहस्थांचा फोन आला. शेगडीचं दार उघडलं की धुराचा लोट खोलीत येतो. काच एका रात्रीत काळी होते. दमट दिवशी, शेगडी विझलेली असली तरी, खोलीत डांबराचा वास येतो. "दरवर्षी साफ करतो हो, यंदाही केलंय," हे वाक्य त्या पाच मिनिटांत त्यांनी तीनदा म्हटलं.

चौथी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, कारण तिचा संबंध असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. दिवाणखान्यातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोनदा वाजला होता. सेल संपत आले असतील म्हणून तो काढून खणात ठेवला होता. हे मला दुसऱ्या भेटीत कळलं, तेही कॉलेजात जाणाऱ्या मुलीमुळे. मी विचारलं, आवाज कसा होता? तिने तोंडाने काढून दाखवला: टीट-टीट-टीट-टीट, थोडी शांतता, पुन्हा टीट-टीट-टीट-टीट. बहुतेक अलार्म सेल उतरल्यावर मिनिटाभराने एकदाच चिवचिवतात. चारच्या गटात वाजणं म्हणजे वायू आहे, बाहेर पडा. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस सर्दी समजून पांघरूण घेतो.

पहिली भेट, म्हणजे माझी चूक

मी गेलो, शिडी लावून वर चढलो. धुराड्याच्या टोपीला पक्षी आत जाऊ नयेत म्हणून जाळी असते. ती जाळी काळ्या, चिकट काजळीने निम्म्याहून जास्त बुजलेली होती. कारण समोर दिसत होतं. जाळी बुजली की धुराला वाट नाही, वाट नाही म्हणजे ओढ नाही, ओढ नाही म्हणजे दार उघडल्यावर धूर खोलीत. जाळी उतरवली, तारेच्या ब्रशने घासली, परत बसवली. खाली येऊन शेगडी पेटवली तर ज्वाला सरळ उभी राहिली. गृहस्थ खूश झाले, बाईंनी चहा दिला, मी निघालो.

वरून आत टॉर्च मारला नाही असं नाही. मारला. पण पावत्या पाहिलेल्या होत्या. "यंदाही साफ झालंय" हे डोक्यात बसलेलं होतं, आणि टॉर्चच्या उजेडात जो चकाकता काळा रंग दिसला तो मला स्वच्छ नळाचा वाटला. धुराड्याच्या आत काही चकाकत असेल तर ते डांबर असतं. हे मी शिकाऊ पोरांना सांगत आलो होतो.

शिवाय एक प्रश्न मी विचारायला हवा होता. यंदा साफ केलेल्या धुराड्याची जाळी दोन महिन्यांत बुजतेच कशी?

नऊ दिवसांनी

नवव्या रात्री मुलीला तिच्या वरच्या खोलीत आवाज आला. गच्चीवरून ट्रक जातोय असा घरघराट, दोन-तीन मिनिटं. तिने भिंतीला हात लावला, भिंत कोमट होती. खाली येऊन वडिलांना उठवलं, तोवर आवाज बसत आला होता. वारा असेल म्हणून सगळे झोपले. सकाळी अंगणातल्या फरशीवर काळे तुकडे पडलेले. हलके, फुगलेले, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सच्छिद्र, बोटात धरले की चुरा होणारे. बाईंनी त्यातले चार-पाच डब्यात भरून ठेवले आणि मला फोन केला. या सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच.

तो तुकडा हातात घेतल्यावर कॅमेऱ्याची गरजच उरली नव्हती. क्रिओसोट, म्हणजे धुरातली डांबरी काजळी, पेटल्यावर फुगते आणि असे सच्छिद्र पापुद्रे मागे ठेवते. धुराडं आतून पेटून गेलं होतं.

अशी आग १००० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. इथे ती दोन-तीन मिनिटांत का बसली? माझा अंदाज असा: गृहस्थांनी सवयीने हवेची खुंटी बंद केलेली होती, म्हणून खालून हवा मिळाली नाही. ज्या सवयीमुळे डांबर साचलं, त्याच सवयीने त्या रात्री घर वाचवलं असावं.

आणि आग लागली का? त्याला मीही थोडा कारणीभूत आहे, असं मला आजही वाटतं. जाळी बुजलेली असताना शेगडीला दम नव्हता. ती मी मोकळी केली, ओढ सुधारली, शेगडी पूर्वीपेक्षा तेज जळू लागली. घरच्यांनी आनंदाने मोठा जाळ केला. आतलं डांबर जिथल्या तिथे होतं, त्याला फक्त उष्णता हवी होती.

पाहणीत काय सापडलं

त्या सकाळी पहिला निर्णय झाला तो शेगडी न पेटवण्याचा. आजींना ते पटलं नाही. "रात्री काही झालं नाही ना, मग आज काय होणार?" असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं, "आजी, मातीचा नळ तडकला असेल तर पुढच्या खेपेला आग नळात थांबणार नाही." त्या गप्प बसल्या, पण रुसल्याच.

कॅमेरा वरून सोडला. वरच्या तीन मीटरांत नळाच्या भिंतींवर काळा, काचेसारखा थर, जागोजाग ओघळ. आगीने त्याचा काही भाग फुगवून सुटा केला होता, बाकीचा तसाच. खालून सातव्या नळाला उभा तडा, त्याच्या वरच्या सांध्यातला मसाला गळून पडलेला. माळ्यावर जाऊन पाहिलं तर नेमक्या त्याच उंचीवर माळ्याची एक तुळई धुराड्याच्या विटेला चिकटवून बसवलेली होती. तुळईची ती बाजू चॉकलेटी-काळी पडली होती. ही एका रात्रीतली करणी नव्हे. लाकूड वर्षानुवर्षं थोडं थोडं तापत राहिलं की त्याचा कोळसा होत जातो, आणि मग ते नेहमीपेक्षा खूप कमी उष्णतेला पेट घेतं. विटेला आणि लाकडाला एकमेकांपासून लांब ठेवायचं, हा नियम त्यासाठीच आहे. घराच्या आतून जाणाऱ्या धुराड्याला साधारण ५ सेंटिमीटर मोकळी जागा, बाहेरच्या भिंतीतल्याला अडीच. इथे एक मिलिमीटरही नव्हती.

मग शेगडी बाहेर ओढली. दोघांना घाम फुटला. आणि मागचं दृश्य पाहून गृहस्थ खाली बसले. शेगडीच्या पाठीवर आणि मागच्या पोकळीत काजळीचा ढीग. साडेतीन बादल्या भरल्या. त्यात कोणत्या तरी पक्ष्याच्या घरट्याच्या काड्याही, बहुधा टोपी बसवण्याआधीच्या. चिमणीत चिमणी, हा विनोद कोणीतरी केलाच.

तीन वर्षांची सफाई ती हीच. ब्रश वरून फिरवला जात होता, काजळी खाली पडत होती, आणि खाली शेगडी आडवी असल्यामुळे ती तिच्यामागे साचत होती. शेगडी ओढून बाहेर काढल्याशिवाय तो ढीग निघणं शक्यच नव्हतं, आणि ती कोणी कधी काढली नाही. पावतीवरची ओळ खोटी नव्हती. धुराडं साफ केलंच होतं, केरही घरातच ठेवला होता. वरचा काचेसारखा थर तर ब्रशला दादच देत नाही. ब्रश त्यावरून नुसता घसरतो.

मुळाशी काय होतं

शेगडीच्या तोंडाला १५० मिलिमीटर व्यासाची नळी, ती जेमतेम हातभर वर जाऊन जुन्या, रुंद धुराड्यात मोकळी सोडलेली. शेगडीपासून टोपीपर्यंत सलग नळी नव्हतीच.

आता हिशेब करू. १५० मिलिमीटरच्या गोल नळीचं क्षेत्र साधारण १७७ चौरस सेंटिमीटर. २८ गुणिले २८ च्या धुराड्याचं ७८४. म्हणजे धूर एकदम सव्वाचारपटीहून रुंद जागेत येतो, त्याचा वेग तितकाच पडतो, आणि तो वर रेंगाळत जातो. त्यात धुराड्याच्या तीन बाजू उघड्या थंडीत. धुराचा स्पर्श होणारी भिंत साधारण १२० अंशांच्या खाली गेली की त्यातली डांबरी वाफ तिच्यावर जमते. थंड पेल्यावर बाहेरून दव येतं, तसंच हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचं एनएफपीए २११ हे मानक या कामात बरेच जण हाताशी ठेवतात. त्यानुसार असं धुराडं घराच्या आत असेल तर शेगडीच्या नळीच्या तिपटीपर्यंत चालतं, भिंती बाहेर उघड्या असतील तर दुपटीपर्यंतच. इथली मर्यादा ३५४ होती.

लाकडाची गोष्ट निराळी आणि मजेची. गृहस्थांकडे ओलावा मोजायचं यंत्र होतं. त्यांनी ओंडक्याच्या टोकाला दोन सुया टोचून दाखवल्या: १७. "विसाच्या आत, म्हणजे सुकं आहे ना?" मी त्यांना कुऱ्हाड आणायला सांगितली. ओंडका मधोमध फोडला आणि ताज्या फोडीवर सुया टोचल्या: ३२. दुसऱ्याला ३१, तिसऱ्याला ३३. टोक वाऱ्याने सुकतं, पोट ओलंच राहतं. त्यात ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळलेली, त्यामुळे लाकडातून निघालेली वाफ आतच परत जिरत होती. यंत्रावरचा आकडा सुक्या लाकडाच्या वजनाशी तुलना करून येतो, त्यामुळे ३२ टक्के म्हणजे १० किलो ओल्या लाकडामागे जवळजवळ अडीच लिटर पाणी. जाळाची बरीच उष्णता ते पाणी उकळण्यातच जाते, धूर गार होतो, आणि हवा कोंडलेल्या शेगडीत तो अर्धवट जळलेलाच वर निघतो.

अशी तीन कारणं एकावर एक बसली होती: मोकळी सोडलेली नळी, ओलं लाकूड, कोंडलेली रात्र. यातलं एकटं कोणतंही बहुधा तीन-चार वर्षांत इथवर पोचलं नसतं.

पर्याय

सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसलो.

नीट साफ करून आहे तसंच वापरायचं, हा सर्वांत स्वस्त मार्ग, आणि गृहस्थांचा कल तिकडे होता. तडा आणि तुळई पाहिल्यावर मी त्याला नाही म्हटलं. काम नाकारावं लागलं तरी चालेल, असं सांगितलं.

काचेसारखा थर मऊ करायला फवारायची रसायनं मिळतात. पण त्यातली बरीचशी नंतर काही आठवडे शेगडी पेटवत राहिल्यावरच काम करतात, आणि पेटवायचंच नव्हतं. शिवाय रसायन तडा बुजवत नाही.

शेगडी काढून पूर्वीसारखी उघडी फायरप्लेस करायची, असं मुलीने सुचवलं. दिसायला छान. पण उघड्या शेकोटीलाही धड नळी लागतेच.

चौथा पर्याय: शेगडीच्या तोंडापासून टोपीपर्यंत १५० मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा सलग लायनर, म्हणजे धुराड्याच्या आतून जाणारी नळी, भोवती उष्णतारोधक वेष्टण. महाग, पण तीनपैकी पहिलं कारण तो मुळातूनच काढतो. मातीच्या नळांवर मग भिस्तच राहत नाही.

पाचवा पर्याय बाईंचा: कायमचं बंद करा, विजेवर घर तापवा. हा पर्याय मी हसण्यावारी नेला नाही. ज्या घरात धुराड्याची वर्षाची देखभाल कोणाच्या तरी गळ्यात पडते आणि ते कोणालाच नको असतं, तिथे बंद करणं हाच योग्य निर्णय असतो. बाईंना खरी भीती आगीची नव्हती, अलार्मची होती. मुलीने आवाज काढून दाखवल्यापासून त्या अस्वस्थ होत्या.

दोन दिवस त्यांच्यात बोलणी चालली. चौथा पर्याय ठरला, बाईंच्या दोन अटींवर. अलार्म प्रत्येक मजल्यावर लागेल आणि त्याचे सेल त्या स्वतः बदलतील. आणि रात्री शेगडी धुमसत ठेवायची नाही. दुसरी अट आजींच्या निखाऱ्यांवर घाव होती.

काय केलं

लायनर घालण्याआधी जुनं डांबर काढणं भाग होतं. नाहीतर ते लायनरच्या मागे कायमचं बंदिस्त होतं आणि वास तर जातच नाही. ड्रिलला लावलेल्या लवचिक दांड्याच्या टोकाला साखळ्या, त्या हळू फिरवत थर खरवडला. या पद्धतीत मातीचे नळ फुटण्याचा धोका असतो. इथे नळांवर पुढे विसंबायचं नव्हतं म्हणूनच ती वापरली. धड नळांत मी ती वापरत नाही. कामाला पाऊण दिवस गेला.

खोलीत फायरप्लेसच्या तोंडाला प्लास्टिकचा पडदा, बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम, तोंडाला मास्क. काजळीशी थट्टा नको. १७७५ साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिवल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांमधल्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची ती अगदी सुरुवातीची नोंद. संध्याकाळी आंघोळ केल्याशिवाय मी जेवायला बसत नाही, ते उगाच नाही.

तुळईचा जळका भाग सुतारकाम करणाऱ्याने कापला, शेजारच्या तुळयांवर भार वळवला, विटेपासून ५ सेंटिमीटर अंतर सोडलं आणि मधली फट पत्र्याने झाकली. फटीत उष्णतारोधक कापूस कोंबायचा मोह सगळ्यांना होतो. ती जागा मोकळीच ठेवायची असते.

लायनर वरून सोडला. जुन्या झडपेच्या जागी पत्र्याची आडवी पाटी बसवली, तिला लायनरपुरतंच भोक, म्हणजे खोलीतली ऊब रिकाम्या धुराड्यात पळत नाही. धुराड्याच्या माथ्यावरचा सिमेंटचा थर दोन ठिकाणी तडकला होता, तो बुजवला. नवी टोपी लावली.

पेटवायची पद्धत बदलली. खाली जाड ओंडके, त्यावर बारीक फोडी, सर्वांत वर काड्या, आणि आग वरून लावायची. धूर वरच्या जाळातून जातो आणि जळून जातो, शिवाय नळी लवकर तापते. गृहस्थांना हे उलटं वाटलं. दोनदा त्यांनी जुन्या पद्धतीने पेटवून ताडून पाहिलं, मग मान्य केलं. त्या हिवाळ्यापुरतं सुकं लाकूड बाहेरून आणलं. घरची थप्पी फोडून, जमिनीपासून वितभर उंच फळ्यांवर, वर झाकण आणि बाजू उघड्या अशी नव्याने रचली. ती पुढच्या वर्षासाठी.

राखेच्या बाबतीत मला काहीच सांगावं लागलं नाही. झाकणाची लोखंडी बादली, घरापासून लांब, फरशीवर ठेवलेली. राखेत पुरलेला निखारा तीन-चार दिवसही जिवंत राहू शकतो, हे आजींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

निष्पत्ती

सहा आठवड्यांनी पाहायला गेलो. नळीत कोरडी, तपकिरी भुकटी, एक मिलिमीटरही नाही. थर ३ मिलिमीटर झाला की साफ करायचं, आणि चकाकी दिसली तर जाडी न मोजता लगेच, असा माझा दंडक. शेगडीची काच आठवडाभर स्वच्छ राहते. डांबराचा वास पूर्ण गेला नाही. मुसळधार पावसात जुन्या विटांमधून अजून थोडा येतो, आणि मी तो जाईल असं वचन दिलेलं नाही.

आता वर्षाच्या सफाईला शेगडी ओढावी लागत नाही. शेगडीच्या आतली वरची पाटी काढायची, ब्रश लायनरमधून वरखाली करायचा, सगळं शेगडीत पडतं, तिथून उचलायचं. स्टीलला तारेचा ब्रश चालत नाही, नायलॉनचा घ्यायचा.

लाकूड पूर्वीपेक्षा जास्त वेळा घालावं लागतं, ही गृहस्थांची कुरकुर. खोली लवकर तापते, लवकर निवतेही. आजींना पहाटे निखारे मिळत नाहीत. त्यांनी स्वतःसाठी विजेचा छोटा हीटर मागून घेतला आणि शेगडीकडे पाठ करून बसतात.

वेगळं काय करता आलं असतं

शेगडी बसवली त्या दिवशीच कॅमेरा आत जायला हवा होता. त्याच मानकात तपासणीच्या तीन पातळ्या आहेत. वापरात काही बदल नसेल तर वर्षातून एकदा साधी, डोळ्यांनी दिसेल तेवढ्याची. शेगडी बदलली, घर विकलं किंवा आत आग लागून गेली तर दुसरी, कॅमेऱ्याची आणि माळ्यावरचीही. आणि काही लपलेलं असल्याचा संशय असेल तर तिसरी, फोडून पाहायची. इथे तीन वर्षांत दुसरी पातळी कधीच झाली नाही, कारण बसवणाऱ्याने साफ करणाऱ्यावर सोडलं आणि साफ करणाऱ्याने पाहणं हे आपलं काम मानलं नाही.

सफाईवाल्याला मी दोष देत नाही, पूर्ण तर नाहीच. घरच्यांनी सफाई मागितली, त्याने सफाई केली. पावती मागताना एवढंच विचारायचं: किती काजळी निघाली, कशी होती, कोरडी की चिकट, आणि ती कुठून उचलली? तिसरं उत्तर "खालून" असं आलं आणि खाली बंद शेगडी असेल, तर पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

त्या रात्रीचं काय? घरघर ऐकू आल्यावर सगळ्यांनी घराबाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवायला हवं होतं. हाताशी असेल तर जाता जाता शेगडीची हवा बंद करायची. वरून पाणी ओतायचं नाही. तापलेला नळ पाण्याने तडकतो आणि आग बाहेर येते.

एका मुद्द्यावर माझं आणि माझ्या एका जोडीदाराचं अजून एकमत नाही. त्याच्या मते तडकलेले मातीचे नळ फोडून काढायला हवे होते. म्हणजे वेष्टण जाड बसलं असतं. मला २८ सेंटिमीटरमध्ये जागा पुरेशी वाटली, आणि जुनी वीटकामं हादरवायला मी तयार नव्हतो.

माझ्या वहीत आता पहिल्या भेटीसाठी चार ओळी छापलेल्या आहेत: लाकूड फोडून मोजलं का, रात्री हवा बंद करता का, अलार्म कधी आणि कसा वाजला, शेगडीमागे काय आहे. जाळीला हात त्यानंतर.

गेल्या महिन्यात वर्षाच्या तपासणीला गेलो. नळी ठीक होती. परत निघताना लाकडाच्या थप्पीकडे नजर गेली. निळी ताडपत्री पुन्हा जमिनीपर्यंत उतरवलेली, कडेला विटा ठेवून दाबलेली. गृहस्थ म्हणाले, "पाऊस येणार होता हो." मी विटा काढल्या, ताडपत्रीच्या दोन्ही बाजू वर गुंडाळून सुतळीने बांधल्या आणि एक ओंडका फोडून पाहिला. १९.